कार्डिओ क्लासला पहिल्यांदा जाताना

जिममध्ये नाव घातलेली बरीच मंडळी ट्रेडमिलपाशीच घुटमळत राहतात. पलीकडच्या हॉलमध्ये गाणी वाजत असतात, काचेतून वीस-पंचवीस माणसं एकाच वेळी डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसतात, आणि मनात येतं की हे काही आपल्याला जमायचं नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नवशिक्यांचा क्लास कसा निवडायचा, आधी काय तयारी करायची, पहिल्या दिवशी हॉलमध्ये कुठे उभं राहायचं, दम किती लागू द्यायचा आणि पुढे काय, कधी वाढवायचं, ते क्रमाने पाहू.

माझं मत आधीच सांगतो. पावलं जमत नाहीत म्हणून क्लास सोडणारे थोडे. जास्त लोक सुटतात ते पहिल्या दहा मिनिटांत सगळा जोर खर्च केल्यामुळे. गाणं मोठ्याने वाजतंय, शेजारची व्यक्ती उड्या मारतेय, ट्रेनर ओरडून हुरूप देतायत. या सगळ्यात नवखा माणूस आपल्या कुवतीच्या बाहेर जातो. मग धाप लागते, गरगरतं, आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे चालू क्लासमध्ये आपला वेग कमी करता येणं. ग्रेपव्हाइन वगैरे पावलं मागाहून येतातच.

क्लास कुठला घ्यायचा

वेळापत्रकात ‘कार्डिओ’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळे प्रकार असतात. लो-इम्पॅक्ट एरोबिक्स, डान्सवर आधारलेले क्लास, स्टेप (फळीवर चढ-उतार), एका जागेवरची सायकल, सर्किट (एकामागून एक वेगवेगळे व्यायाम) आणि हाय इंटेन्सिटी इंटरव्हल (थोडा वेळ खूप जोर, मग थोडी विश्रांती), म्हणजे ज्याला सगळे ‘हिट’ म्हणतात तो. पहिल्यांदा जाणाऱ्याने लो-इम्पॅक्ट एरोबिक्स घ्यावं असं मी सांगेन. लो-इम्पॅक्ट म्हणजे हलका व्यायाम नव्हे. त्यात एक पाय कायम जमिनीवर असतो, दोन्ही पाय एकदम हवेत जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. गुडघ्यांना आणि घोट्यांना उड्यांचा दणका बसत नाही, पण नीट केलं तर घाम भरपूर निघतो.

गुडघे दुखत असतील किंवा वजन बरंच जास्त असेल तर सायकलचा क्लास अधिक सोयीचा, कारण शरीराचा भार सीटवर असतो. तिथे सीटची उंची जमली की निम्मं काम झालं. सायकलशेजारी उभं राहिल्यावर सीट साधारण कंबरेच्या हाडाच्या पातळीला यावी, आणि पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. गुडघा पूर्ण ताठ होत असेल तर सीट जास्त वर आहे. मांडी छातीकडे येत असेल तर फार खाली आहे.

‘हिट’ आणि ‘तबाता’ मात्र थोडे लांब ठेवा. तबाता हे नाव जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्यावरून आलं. वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांती, या पद्धतीवरचा त्यांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रयोग व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर, प्रयोगशाळेतल्या सायकलवर झाला होता, आणि जोर इतका ठेवला होता की सात-आठ फेऱ्यांतच माणूस थकून थांबावा. जिममध्ये त्या नावाखाली जे चालतं ते बहुधा त्याहून खूप सौम्य असतं. तरीही ज्याला अजून आपला दम ओळखता येत नाही त्याने घड्याळाशी शर्यत लावू नये.

क्लासमध्ये नाव देण्याआधी एकदा बाहेर उभं राहून पूर्ण क्लास बघा. ट्रेनर प्रत्येक हालचालीचा सोपा पर्याय दाखवतात का? शेवटची पाच-सात मिनिटं वेग उतरवायला देतात का? मागच्या रांगेकडे त्यांचं लक्ष जातं का? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं नकारार्थी आली, तर वेळापत्रकावर ‘बिगिनर्स’ लिहिलेलं असलं तरी तो क्लास नवशिक्यांचा नाही.

जाण्याआधी तब्येतीची चौकशी

बऱ्याच जिममध्ये सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतात. पार-क्यू प्लस ही त्यातली एक. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, दुसरा काही जुनाट आजार आहे का, त्यासाठी औषधं चालू आहेत का, हाडा-सांध्यांची तक्रार आहे का, डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलंय का. लोक हा कागद उभ्या-उभ्या, सगळीकडे ‘नाही’वर खूण करत संपवतात. कृपा करून तसं करू नका. एखादं उत्तर ‘हो’ आलं म्हणून कोणी दारातून परत पाठवत नाही. आणखी काही प्रश्न विचारले जातात, किंवा आधी डॉक्टरांना भेटून या म्हणतात, इतकंच.

तीन बाबतींत मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर नाडीचे ठोके औषधानेच रोखलेले असतात. तुम्ही दमून जाल, पण मनगटावरचं घड्याळ ‘अजून जोर लावा’ म्हणत राहील. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाच्या वेळी आणि नंतरही काही तास साखर खाली जाऊ शकते. डोस आणि क्लासची वेळ यांचा मेळ डॉक्टरच घालून देतील. पटकन साखर वाढवणारं काहीतरी पिशवीत हवंच, आणि ते कुठे ठेवलंय हे ट्रेनरला माहीत हवं. तिसरी बाब गरोदरपणाची आणि बाळंतपणानंतरच्या सुरुवातीच्या काळाची. दमा असणाऱ्यांनी इन्हेलर लॉकरमध्ये न ठेवता हॉलमध्ये, हाताशी ठेवावा.

ताप असेल, पोट बिघडलं असेल किंवा सर्दी छातीत उतरली असेल तर त्या दिवशी सुट्टी. घाम काढला की ताप जातो ही समजूत धोक्याची आहे.

बूट, कपडे, पाणी

कपड्यांवर फार वेळ घालवायला नको. घाम सुटला की अंगाला चिकटून न बसणारा टी-शर्ट, आणि पायांत न अडकणारी ट्रॅक पँट किंवा लेगिंग्ज. स्त्रियांनी चांगल्या मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. हा खर्च टाळू नये, आधी ती आणि मग बाकीचे कपडे.

बुटांचं मात्र नीट ऐका. घरात पळायचे बूट असतात, तेच घालून लोक येतात. पळण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी केलेले असतात. टाच जाड आणि उंच, बाजूचा आधार कमी, तळाला पकड जास्त. कार्डिओ क्लासमध्ये तुम्ही सारखे आडवे सरकता आणि गिरक्या घेता. उंच टाचेवरून पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो, घट्ट पकडीमुळे तळवा जमिनीला धरून बसतो आणि वळतो तो गुडघा. म्हणून क्रॉस-ट्रेनिंगचे किंवा एरोबिक्सचे बूट घ्या: टाच तुलनेने सपाट, कडांना आधार, चवड्यापाशी सहज वाकणारे. दुकानात ते घालून चार पावलं आडवी टाकून बघा, तिथेच कळतं. पहिल्या दोन-तीन क्लासना जुने पळायचे बूट चालतील, पण मग गिरक्या टाळा.

जेवून लगेच येऊ नका, दीड-दोन तास तरी मध्ये जाऊ द्या. अगदी उपाशीपोटी आलात तर काहींना गरगरतं, तेव्हा तासभर आधी थोडं काहीतरी पोटात असलेलं बरं. पाणी क्लासच्या आधी थोडं, मध्ये घोट-घोट आणि नंतर तहानेप्रमाणे. ट्रेनरने ‘वॉटर ब्रेक’ म्हणेपर्यंत थांबायची सक्ती नसते. बाटली आपल्या जागेपासून दोन पावलांवर भिंतीशी ठेवावी, पायांत येईल अशी नको.

पहिला दिवस: हॉलमध्ये शिरल्यापासून

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. ट्रेनरला गाठून तीन गोष्टी सांगा: मी पहिल्यांदा येतोय किंवा येतेय, मला अमुक ठिकाणी त्रास आहे, आणि मी मध्ये थांबलो तर ओढून पुन्हा उभं करू नका. हे तिसरं सांगायला लोक लाजतात. सांगून ठेवलं की ट्रेनरही निर्धास्त होतात आणि तुम्हीही.

जागा कुठली? नवखे सरळ शेवटची रांग पकडतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मागून ट्रेनरचे पाय दिसत नाहीत. पुढे जे दिसतं ते शेजाऱ्याचं चुकलेलं पाऊल. शिवाय क्लास मागे वळून उभा राहिला की शेवटची रांग पहिली होते आणि तुमच्यापुढे कोणीच उरत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत, मधोमध नाही तर जराशी कडेला, ट्रेनर तिरके दिसतील अशी जागा उत्तम. तिथून त्यांचे पाय थेट दिसतात, आरशात आपलेही दिसतात, आणि बाहेर पडायला वाट राहते. एसीच्या थेट झोताखाली आणि स्पीकरच्या अगदी समोर उभं राहू नका.

आरशाचीही एक गंमत आहे. बरेच ट्रेनर वर्गाकडे तोंड करून ‘उजवीकडे’ म्हणतात आणि स्वतः डावीकडे जातात, म्हणजे तुम्हाला ते आरशासारखे दिसावेत. त्यामुळे डावं-उजवं मनात घोळवत बसू नका. ते ज्या बाजूच्या भिंतीकडे जातील त्या भिंतीकडे जा.

ठेका आणि पावलं

क्लासचं सगळं गणित आठ मात्रांवर चालतं. गाण्याचा ठेका मोजा: एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. असे चार आठे झाले की बत्तीस मात्रांचा एक ब्लॉक पूर्ण होतो. हालचाली या ब्लॉकमध्ये बसवलेल्या असतात, म्हणूनच ट्रेनर नेमक्या एका जागी ‘चार, तीन, दोन’ असं उलटं मोजू लागतात. तो बदलाचा इशारा असतो. नवीन पाऊल पुढच्या ‘एक’वर सुरू होईल. तालात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना समेवर येणं कळतं, त्यांना हे लगेच जमेल. बाकीच्यांनी पहिला आठवडा नुसतं मनात मोजलं तरी पुरे.

नवशिक्यांच्या क्लासमध्ये लागणारी पावलं सहा-सातच असतात, आणि त्यांची नावं सगळीकडे जवळजवळ तीच.

मार्च म्हणजे जागच्या जागी चालणं. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी पाऊल हेच. काही चुकलं, दम लागला, समोर काय चाललंय ते कळेना, की मार्चवर यायचं. पाय चालू राहतात, ठेका सुटत नाही, आणि पुढच्या आठ्याला पुन्हा सगळ्यांत मिसळता येतं. मार्च करताना आधी चवडा टेकवून मग टाच खाली आणा. पाय आपटायचा नाही.

स्टेप-टच: उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्याजवळ आणून टेकवायचा. मग उलट बाजूला. दोनच मात्रांचा खेळ.

ग्रेपव्हाइन चार मात्रांचं. उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, उजवा पुन्हा बाजूला, डावा जवळ. अडखळायला होतं ते दुसऱ्या मात्रेवर, पाय मागून नेताना. ते जमेपर्यंत मागून न्यायचंच नाही. बाजूला-जवळ-बाजूला-जवळ असं सरका, पोचाल त्याच जागी आणि त्याच वेळी.

व्ही-स्टेपमध्ये उजवा पाय पुढे-बाहेर, डावा पुढे-बाहेर, मग उजवा मागे-आत आणि डावा मागे-आत. जमिनीवर इंग्रजी ‘व्ही’ काढल्यासारखं. हॅमस्ट्रिंग कर्लमध्ये टाच मागे कुल्ल्याकडे उचलायची, नी-लिफ्टमध्ये गुडघा पुढे कंबरेपर्यंत. गुडघा वर आणण्यासाठी पाठ वाकवून छाती खाली नेऊ नका. गुडघा जिथवर येईल तिथवरच आणा. हील-डिगमध्ये टाच पुढे टेकवायची आणि परत आणायची.

शिकायचा क्रम असा ठेवा: आधी पाय, मग दिशा, आणि हात सगळ्यात शेवटी. पहिले दोन-तीन क्लास हात कंबरेवर ठेवून केले तरी काही बिघडत नाही. पाय आणि हात एकदम शिकायला गेलं की दोन्ही चुकतात. शिवाय हात डोक्याच्या वर नेले की ठोके आणि धाप दोन्ही वाढतात, त्यामुळे ते खाली ठेवणं दमाच्या दृष्टीनेही बरं.

चुकीच्या पायावर गेलात, म्हणजे सगळे उजव्यावर आणि तुम्ही डाव्यावर, तर एकच मात्रा थांबा आणि पुढच्या मात्रेवर पाऊल टाका. आपोआप जुळतं. माफी मागायची गरज नसते, कोणाचं लक्षही नसतं. जो तो आपल्या पायांत गुंतलेला असतो.

दम किती लागू द्यायचा

हा भाग जमला की बाकी सगळं सोपं होतं.

सगळ्यात सोपी कसोटी बोलण्याची. मध्यम जोराच्या व्यायामात तुम्हाला बोलता येतं, पण गाता येत नाही. एक पूर्ण वाक्य सलग बोलून बघा. बोलता आलं आणि वर गाण्याची ओळही म्हणता आली, तर जोर वाढवायला जागा आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर तुम्ही जोरदार व्यायामाच्या टप्प्यात शिरलात. नवशिक्याने पहिल्या महिन्यात तिथे फार वेळ रेंगाळू नये. गोंगाटात ही कसोटी विचित्र वाटते खरी, पण ट्रेनरबरोबर मोठ्याने आकडे मोजले की आपोआप होते.

दुसरी पद्धत, स्वतःच जोराला गुण द्यायची. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी तयार केली. आकडे सहापासून का, असं सगळे विचारतात. निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळावेत, अशी ती रचना आहे: 6 म्हणजे स्वस्थ बसलेल्याचे 60, आणि 20 म्हणजे अगदी टोकाचे 200. नवशिक्याने 12-13च्या आसपास राहावं, म्हणजे ‘काहीसं कठीण जातंय, पण चालू ठेवता येईल’ इथे. हल्ली बरेच ट्रेनर शून्य ते दहाची सोपी पट्टी वापरतात. तिथे वॉर्म-अपला तीन, मुख्य भागात पाच-सहा. सात-आठची चव महिन्याभराने.

तिसरी पद्धत नाडीची. 220 वजा वय, हे सूत्र प्रत्येक जिमच्या भिंतीवर दिसतं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा कमाल दर त्यानुसार 175 येतो. मध्यम व्यायामासाठी कमाल दराच्या 64 ते 76 टक्के धरतात, म्हणजे मिनिटाला 112 ते 133 ठोके. पण हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या कमाल दरात दहा-बारा ठोक्यांचा, कधी त्याहूनही जास्त फरक असतो. 2001 साली मांडलेलं दुसरं सूत्र आहे: 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करायचे. चाळिशीत दोन्हींचं उत्तर एकच येतं. पासष्टीला मात्र पहिलं 155 सांगतं आणि दुसरं 162-163. म्हणजे वय वाढेल तसं भिंतीवरचं सूत्र माणसाला गरजेपेक्षा जास्त थोपवून धरतं.

मनगटावरची घड्याळं प्रकाशाने नाडी मोजतात. पट्टा सैल असेल किंवा हात जोरात हलत असतील तर आकडा वाटेल तसा उड्या मारतो. घड्याळ 170 दाखवतंय आणि तुम्ही आरामात गप्पा मारताय, तर गप्पांवर विश्वास ठेवा. उलट घड्याळ 110 म्हणतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तरी विश्वास शरीरावरच ठेवायचा.

आता वेग कमी कसा करायचा? एकदम थांबून नाही. पायऱ्या आहेत. आधी हात खाली आणा. पुरलं नाही तर पावलाचा आवाका लहान करा, मोठ्या स्टेप-टचच्या जागी छोटं. मग उडी असेल तिथे उडी काढून टाका: जंपिंग जॅकच्या (उडी मारून दोन्ही पाय फाकवण्याच्या) जागी एकेक पाय बाजूला टेकवायचा. तरीही दम लागत असेल तर निम्म्या वेगाने करा, दोन मात्रांना एक पाऊल. आणि शेवटी मार्च. हा क्रम घरी एकदा आरशासमोर करून बघा, कारण दम लागल्यावर तो आठवत बसायला डोकं चालत नाही.

श्वास रोखून धरायची सवयही अनेकांना असते, विशेषतः नवीन पाऊल समजून घेताना. श्वास कितव्या मात्रेला घ्यायचा आणि कितव्याला सोडायचा अशा भानगडीत पडू नका. तो चालू आहे ना, एवढंच मधून-मधून तपासा. तोंडाने घेतलात तरी हरकत नाही.

छातीत दाब किंवा दुखणं, ते जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे सरकणं, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित पडणं, थंड घाम आणि मळमळ: यातलं काहीही झालं तर क्लास तिथेच संपला. ट्रेनरला हाक मारा, बसा, आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घरी जाऊन पडू नका.

शेवटची दहा मिनिटं

गर्दी टाळायला लोक कूल-डाउनच्या, म्हणजे शेवटी वेग उतरवण्याच्या, आधी निसटतात. याला माझा ठाम विरोध आहे. व्यायाम करताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, आणि तिथलं रक्त वर ढकलायला पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू मदत करत असतात. एकदम थांबलं की ही मदत बंद होते, रक्त पायांतच साठतं, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. लॉकर रूममध्ये बूट काढायला वाकल्यावर गरगरतं ते यामुळे. पाच मिनिटं हळूहळू वेग उतरवत मार्चवर या, मग पोटऱ्या, मांडीची पुढची-मागची बाजू आणि कंबर ताणा. प्रत्येक ताण पंधरा ते तीस सेकंद, हिसके न देता. ताण जाणवावा, दुखू नये.

दुसऱ्या दिवशी

अंग दुखणार. पोटऱ्या, मांड्या आणि कधी बरगड्यांखालीही. ही दुखी बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होते, एक ते तीन दिवस जोरात असते आणि मग जाते. दोन्ही पायांना सारखी, स्नायूभर पसरलेली आणि थोडं चाललं की सैल होणारी असेल तर काळजी नको. एकाच बाजूला, एका नेमक्या ठिकाणी, सांध्यात किंवा हाडावर दुखत असेल, सूज असेल किंवा चालताना वाढत असेल तर ती इजा समजा. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला दुखणं ही कार्डिओवाल्यांची नेहमीची तक्रार आहे. सहसा एकदम जास्त उड्या किंवा झिजलेले बूट हे कारण असतं. ते रेटून नेऊ नका.

पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच क्लास, मध्ये किमान एक दिवस मोकळा. पहिल्या क्लासला पंचेचाळीस मिनिटं टिकायलाच हवं असं नाही. वीस मिनिटांनी मागे जाऊन मार्च करत बघितलंत आणि कूल-डाउनला परत आलात, तरी तो पूर्ण क्लास धरावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिसरा क्लास जोडा आणि हातांच्या हालचाली सुरू करा. पाचव्या-सहाव्यात मुख्य भागातला थोडा वेळ जोर एक पायरी वर न्या, म्हणजे दोन मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं परत बेताने. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. क्लासची संख्या, मिनिटं आणि जोर तिन्ही एकदम वाढवणारा माणूस चौथ्या आठवड्यात बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसतो, असा माझा अनुभव आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार एरोबिक हालचाल करावी, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. पंचेचाळीस मिनिटांच्या क्लासमध्ये खरा मुख्य भाग पंचवीस-तीस मिनिटांचाच असतो. त्यामुळे आठवड्याला तीन क्लास म्हणजे फार तर नव्वद मिनिटं. उरलेली भरपाई भरभर चालण्याने सहज होते. ताकदीचा व्यायाम मात्र कार्डिओ क्लासने भागत नाही, तो वेगळा करावा लागतो.

फरक कशाने मोजायचा? वजनकाट्याने तर नकोच, निदान सहा आठवडे. आणि सायकलच्या पडद्यावरच्या कॅलरींनीही नको. तो आकडा अंदाजाचा असतो आणि बऱ्याचदा फुगलेला. सकाळी उठल्या-उठल्या, अंथरुणातच, मनगटावरची नाडी मिनिटभर मोजून लिहून ठेवा. नियमित कार्डिओने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, आणि विश्रांतीचे ठोके हळूहळू उतरतात. दुसरं माप क्लासमध्येच मिळतं. जोराचा भाग संपल्या क्षणी नाडी बघा, मिनिटभराने पुन्हा बघा. दोन्हींतलं अंतर आठवड्यागणिक वाढत गेलं तर दम सुधारतोय. आणि आधी ज्या गाण्याला बोलणं बंद पडायचं त्याच गाण्याला वाक्य पूर्ण होऊ लागलं, तर वेगळ्या मोजमापाची गरजच काय?

पुढच्या क्लासला कधी जायचं

क्लासभर मार्चचा आधार न घेता टिकता आलं, बत्तीस मात्रांचा ब्लॉक दोन-तीनदा पाहून पकडता आला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कामात अडचण आली नाही, की पुढचा क्लास बघायला हरकत नाही. मी बहुतेकांना स्टेपकडे पाठवतो, कारण पावलं ओळखीचीच असतात, फक्त फळी येते.

पहिल्या दिवशी फळी सगळ्यात खालच्या उंचीवर ठेवा. नेहमीच्या फळीला ती साधारण दहा सेंटीमीटर येते. खालचे उंची वाढवायचे ठोकळे लावायचे नाहीत, शेजाऱ्याने लावले असले तरी. वर चढताना पूर्ण तळवा फळीवर, टाच बाहेर लटकती नको. उतरताना फळीला लागून उतरायचं, मागे लांब पाय टाकला की टाचेच्या शिरेवर ताण येतो. खाली येताना आधी चवडा, मग टाच. वर उडी मारलेली चालते, फळीवरून खाली उडी कधीच नाही. आणि आधी चढणारा पाय ठरावीक वेळाने बदला. ट्रेनर विसरले तर तुम्हीच टॅप करून, म्हणजे पाय नुसता टेकवून, बदला, नाहीतर संध्याकाळी एकच गुडघा बोलायला लागतो.